चालवणाऱ्याची सीट

मावशी: आणि जेवायच्या टेबलावरच का? कालही जेवणाला थिनरचा वास, आजही तोच. घास तोंडाशी नेला की वाटतं दाराला रंग लावतेय.

वडील: आतल्या टेबलावर उजेड कमी पडतो, ताई.

मावशी: माझी बहीण होती तेव्हा बरा पुरत होता उजेड.

वडील: तेव्हा तिला हे टेबल लागायचं. म्हणून मी आत बसायचो.

मावशी: म्हणजे ती गेली आणि तुमची सोय झाली.

वडील: तसं नाही म्हणालो मी.

मावशी: तुम्ही काहीच म्हणत नाही, तेच तर दुखणं आहे. भाऊजी, उद्या कोर्ट आहे. उद्या तुमचा मुलगा जजसमोर उभा राहणार, हो, गाडी मीच चालवत होतो, आईही माझ्यामुळे गेली आणि तो सायकलवाला रखवालदारही माझ्यामुळे गेला, असं कबूल करणार आणि तिथूनच आत जाणार. आणि त्याचा बाप इथे चिमट्याने खेळण्याला चाकं लावत बसलाय.

वडील: चाकं झाली कालच.

मावशी: घ्या. चाकं झाली म्हणे.

मुलगा: मावशी, मी इथेच आहे. कपाटाशी.

मावशी: भाऊजी, त्याला सांगा, मला डोळे आहेत.

मुलगा: किती महिने झाले, अजून ‘त्याला सांगा’ संपत नाही.

मावशी: त्याला सांगा, संपणारही नाही. मी या घरात राहिलेय ती तुमच्या तोंडात दोन वेळा घास जावा म्हणून. त्याचं तोंड बघायला नाही. धाकटीला मी कडेवर घेऊन फिरवलंय. तिला मारून हा मुलगा घरी आला आणि आंघोळ करून झोपला.

वडील: ताई, पुरे.

मावशी: मला मेलीला दर वेळी पुरे. त्याला कधी नाही. आणि ही कुठली गाडी आहे? हा रंग बघितलाय मी.

वडील: आपलीच आहे.

मावशी: आपली म्हणजे?

वडील: आपली गाडी. तिच्या छोट्या मॉडेलचं किट माळ्यावर पडून होतं, कधीचं आणलेलं. ही म्हणायची, एक गाडी बाहेर पेट्रोल पिते, दुसरी माळ्यावर जागा खाते. दोन्ही सवती मीच पाळते म्हणून टिकल्यात.

मावशी: आणि तुम्ही ती बांधायला काढलीत. ज्या गाडीत ती गेली, ती. भाऊजी, तुमच्या छातीत काय आहे हो? दगड?

वडील: चेपलेली नाही करत मी. त्या दिवशी सकाळी होती तशी करतोय. मी धुतली होती सकाळी. काचासुद्धा आतून पुसल्या होत्या.

मावशी: मला नका सांगू. माझं डोकं गरगरायला लागलंय. प्रेशरच्या गोळ्याही संपल्यात. औषधवाल्याकडे जाऊन येते. आल्यावर मला हे टेबल रिकामं दिसलं पाहिजे. गोंद, ब्लेड, ते रंगाचे डबे, सगळं. आणि त्याला सांगा, उद्याचा शर्ट इस्त्री करून दाराला टांगलाय. माझ्या बहिणीने घेतलेला आहे म्हणून केला. नाहीतर हात लावला नसता.

(दार लागतं. जिन्यातले पायांचे आवाज खाली जातात.)

मुलगा: आवरू का?

वडील: थांब. बस जरा.

मुलगा: नको बाबा. लवकर झोपतो. वकील म्हणाले, उद्या तासाभराचंही काम नाही. कबूल करायचं, सही करायची.

वडील: एका गोष्टीपाशी घोडं अडलंय माझं. सीटबेल्टचे पट्टे.

मुलगा: किटात येत नाहीत ते. तुम्ही टेपचे कापता.

वडील: तू धरून बसायचास चिमट्यात. श्वास रोखून.

मुलगा: तुम्हीच दम भरायचात, श्वास सोडलास तर उडेल म्हणून. एकदा शिंकलो तर दोन दिवस बोलला नव्हतात.

वडील: दोन दिवस नाही. उगाच वाढवू नकोस. हे बघ इकडे. छत अजून बसवलं नाही, आतलं दिसेल. या पुढच्या दोन सीटा. पट्टा कुठून येतो? दाराकडून. चालवणाऱ्याचा त्याच्या दाराकडून, शेजारी बसलेल्याचा त्याच्या दाराकडून. म्हणजे एकाच्या या खांद्यावर, दुसऱ्याच्या त्या खांद्यावर. आरशात बघितल्यासारखं.

मुलगा: मग?

वडील: मग काही नाही. हा लावला. मग हा लावायला घेतला आणि माझा हात थांबला.

मुलगा: हात थरथरतो हल्ली तुमचा. उद्या करा.

वडील: थरथरला नाही, थांबला. तू हॉस्पिटलातून घरी आलास तेव्हा तुझ्या अंगावर पट्ट्याचा वळ होता. खांद्यापासून खाली कमरेपर्यंत. काळानिळा. तुझा हात वर होत नव्हता म्हणून मलम मीच लावायचो. आठवतंय?

मुलगा: आठवतंय.

वडील: तो वळ या सीटचा आहे. शेजारच्या. चालवणाऱ्याचा वळ दुसऱ्या खांद्यावर उठला असता.

मुलगा: तुमच्या लक्षात राहिलं नसेल नीट. त्या दिवसांत तुम्हाला पाणी कुठे ठेवलंय ते आठवत नव्हतं.

वडील: टूलरूममध्ये आयुष्य गेलं माझं. मापं घेण्यात.

मुलगा: माणसांची नव्हतात घेत.

वडील: नव्हतो. खरंय. म्हणूनच मला आधी वाटलं आपलंच चुकतंय. म्हणून परत जाऊन आलो.

मुलगा: कुठे?

वडील: पोलीस चौकीच्या आवारात. गाडी अजून आहे तिथे, मागच्या भिंतीला लावून. वर कबुतरांनी घाण केलीये.

मुलगा: परत म्हणजे? आधीही गेला होतात?

वडील: आधी सीटचा रंग बघायला गेलो होतो. किटातला कागद म्हणतो सीट काळी. आपली काळी नव्हती. कागदावर विश्वास ठेवून मी कधी काही केलं नाही, तुला माहितीये. तिथला तो जाडा पोलीस ओळखतो आता मला. म्हणतो, आले बघा खेळणीवाले आजोबा, सोडा आत.

मुलगा: बाबा, तुम्ही तिथे जाऊन आत वाकून बघत होतात? त्या गाडीत? रक्त—

वडील: वाळलंय. त्याचाही रंग सीटसारखाच झालाय. तू ऐक. चालवणाऱ्याची सीट पुढे ओढलेली आहे. थोडी नाही, पार पुढे. खालचा रूळ ठोकरीने वाकला, त्यामुळे ती जिथे होती तिथेच अडकलीये. मी ओढून बघितली, पोलिसानेही ओढून बघितली. हलत नाही. मग माप घेतलं आणि घरी येऊन चोवीसाने भागून, हे मॉडेल चोवीस पट लहान आहे म्हणून, ही सीट तेवढीच पुढे चिकटवली. बघ.

मुलगा: बघितली.

वडील: आता हा घे. पुठ्ठ्याचा माणूस. तुझ्या उंचीचा, याच मापात लहान केलेला. गुडघ्यात आणि कमरेत वाकतो. बसव त्याला.

मुलगा: मला हे खेळायचं नाहीये.

वडील: बसव.

मुलगा: नाही बसत.

वडील: का नाही बसत?

मुलगा: गुडघे स्टिअरिंगमध्ये जातात. बाबा, कळलं मला. ठेवा ते.

वडील: हा दुसरा. ही हिच्या उंचीची. ही बसते.

मुलगा: ठेवा म्हटलं ना.

वडील: आणि पेडलांच्या वर एक उशी अडकली होती. आपल्या सोफ्यावरची, हिने शिवलेल्या अभ्र्याची. ती उशी मी सगळ्या घरात शोधत होतो. म्हटलं पाठ दुखते म्हणून हिने नेली असेल. पण पाठीची उशी शेजारच्या बाजूला सापडायला हवी. या बाजूला कशी आली?

मुलगा: तिला उशीशिवाय बॉनेटच्या पुढचं दिसायचं नाही.

वडील: हं.

मुलगा: तुम्हाला हेच ऐकायचं होतं ना? ऐकलंत. आता आवरू द्या.

वडील: कधीपासून चालवत होती?

मुलगा: झाले असतील सात-आठ रविवार.

वडील: रविवारी तुम्ही भाजीला जायचात.

मुलगा: भाजी येताना घ्यायचो. आधी त्या बंद पडलेल्या काचेच्या कारखान्यामागे जायचो. तिथला रस्ता मोकळा असतो. एक चहाची टपरी आणि चार कुत्री. कुत्र्यांनाही सवय झाली होती तिची. लांबून गाडी दिसली की उठून बाजूला व्हायची.

वडील: मला सांगितलं नाहीत.

मुलगा: तुम्ही इथे असायचात. तुमच्या प्रायमरमध्ये, पॉलिशपेपरमध्ये. आम्ही एका तासात आलो का चार तासांनी, तुम्ही मान वर करून फक्त विचारायचात, चहा टाकताय का.

वडील: तरी सांगायचं होतं.

मुलगा: तिने विचारलं होतं तुम्हाला. मीही शिकू का म्हणून.

वडील: मी काय म्हणालो होतो?

मुलगा: आठवत नाही?

वडील: आठवतं. तू सांग.

मुलगा: म्हणालात, तुला कपात चहा ओतताना बशीत सांडतो, तू गाडी कुठे सांभाळतेस. आम्ही हसलो. तीही हसली. मग मला जिन्यात धरून म्हणाली, शिकवशील का रे. पण यांना कळता कामा नये. लायसन्स हातात आलं की एकदम दाखवीन.

वडील: शिकाऊ लायसन्स तरी काढायचं.

मुलगा: त्याला घरच्या पत्त्याचे कागद लागतात. ते सगळे तुमच्या कपाटात.

वडील: आणि त्या दिवशी?

मुलगा: त्या दिवशी म्हणाली, आज मोठ्या रस्त्यापर्यंत नेते. मी नको म्हणायला हवं होतं. पण चांगली चालवत होती बाबा. खरंच चांगली. वळणावर ऊन डोळ्यांवर आलं. तो रखवालदार सायकलवरून ड्युटीला चालला होता, डबा अडकवून. तिला दिसला. तिने पाय दाबला. चुकीचं पेडल दाबलं. मी स्टिअरिंग ओढलं तोवर तो खाली होता, आणि आम्ही कारखान्याच्या भिंतीत.

वडील: सीट एवढी पुढे. स्टिअरिंग छातीला टेकलेलंच असणार. डॉक्टर म्हणाले होते छातीला मार आहे. मी म्हटलं डॅशबोर्ड लागला असेल.

मुलगा: मी तिला माझ्या बाजूने ओढून काढलं. गवतावर झोपवलं. टपरीवरची माणसं धावत आली. एकाने विचारलं, कोण चालवत होतं. मी म्हटलं, मी.

वडील: का?

मुलगा: का म्हणजे? ती जिवंत होती तेव्हा. डोळे उघडे होते. शेजारी तो माणूस पडलेला, त्याच्याकडे बघून कळत होतं की संपलाय. तिच्याकडे लायसन्स नाही. मला वाटलं ही वाचणार आणि उद्या हिला पोलीस घेऊन जाणार. म्हटलं आत्ता आपण घेऊ अंगावर, पुढचं पुढे. मग ती अॅम्ब्युलन्समध्येच गेली. आणि मी जे बोललो होतो ते तसंच राहिलं. पोलिसांनी लिहून घेतलं, तुम्ही ऐकलंत, मावशीने ऐकलं. मागे कुठून फिरायचं मला कळलंच नाही.

वडील: डोळे उघडे होते म्हणालास.

मुलगा: हो.

वडील: बोलली काही?

मुलगा: नाही.

वडील: इतके महिने मी विचारलं नाही तुला.

मुलगा: मग आजही नका विचारू.

वडील: विचारतोय.

मुलगा: म्हणाली, त्यांना सांगू नको.

वडील: त्यांना म्हणजे मला.

मुलगा: दोनदा म्हणाली.

वडील: दुखतंय नाही म्हणाली?

मुलगा: नाही.

वडील: पाणी मागितलं?

मुलगा: नाही बाबा. एवढंच.

वडील: तो पंखा बंद कर. पुठ्ठा हलतोय.

मुलगा: केला.

वडील: वकिलाचा नंबर लाव.

मुलगा: कशाला?

वडील: उद्या तू कबूल करणार नाहीस. मी त्याला सीटचं सांगतो. तो मागून घेईल गाडी तपासायला. मोडीत काढायच्या आत.

मुलगा: नाही लावणार.

वडील: मग मी सकाळी तुझ्या आधी जाऊन दारात उभा राहतो.

मुलगा: बाबा, तुम्हाला कळतंय का काय होईल? त्या रखवालदाराची बायको प्रत्येक तारखेला येते. पहिल्या बाकावर बसते. वकिलाकडे बघत नाही, जजकडे बघत नाही, फक्त माझ्याकडे बघते. बघू दे. तिला कोणाकडे तरी बघायला हवं ना? उद्या मी म्हणालो, मी नव्हतो, माझी आई होती, आणि आई मेली, तर ती बाई कुठे बघणार? छताकडे?

वडील: आता तरी कुठे बघतेय ती? चुकीच्या माणसाकडे.

मुलगा: आणि मावशी? तिला सांगाल, तुमच्या धाकटीच्या हातून माणूस मेला? आत्ता ती माझा राग राग करते, त्यावर उभी तरी आहे. तो काढून घेतलात तर ती आडवी होईल. आणि आईचं काय? सगळी कॉलनी म्हणेल, घरात बसायचं सोडून या वयात बाईला गाडीचे डोहाळे लागले आणि एकाचा जीव घेऊन गेली. मला चालणार नाही ते.

वडील: तू आत गेलास तर चालेल?

मुलगा: मी परत येईन. दोन वर्षं म्हणतात, तीन म्हणतात.

वडील: तोवर मी असेन का?

मुलगा: असं बोलू नका.

वडील: तिच्या मागे मला या घरात तू एकटा उरलायस. सकाळी तुझ्या खोलीतलं दार वाजतं तेव्हा मी उठतो. नाही वाजलं तर कशाला उठू, सांग.

मुलगा: मी त्यांना सांगेन की तुम्ही खोटं बोलताय. मुलाला वाचवायला बाप काहीही बोलतो. बायको गेल्यापासून डोकं ठिकाणावर नाही, दिवसभर खेळण्यात बसतात.

वडील: सांग की. चौकीतलेही तेच म्हणतात. पण सीट हलत नाही.

(जिन्यातले पायांचे आवाज वर येतात. दार उघडतं.)

मावशी: दाराला आतून कडी नाही. कोणी उचलून नेलं तर घरात आहे काय न्यायला म्हणा, गोंदाच्या बाटल्या. आणि टेबल? मी काय सांगून गेले होते? हे बाहुले कसले पुठ्ठ्याचे?

वडील: ताई, पिशवी ठेवा. बसा इथे.

मावशी: का? काय झालं? पुन्हा वकिलाचा फोन?

मुलगा: बाबा, नको.

वडील: गाडी हा चालवत नव्हता. ती चालवत होती.

मावशी: कोण ती?

वडील: तुमची धाकटी.

मावशी: काहीतरीच. तिला साधी सायकल येत नव्हती. मी शिकवायला गेले आणि दोघी गटारात पडलो, आईने दोघींना ओलंच उभं केलं दारात. काय बोलता भाऊजी? उद्याच्या भीतीने सुचतंय का हे? मेलेल्या माणसावर ढकलायचं? ती येणार नाही उत्तर द्यायला, म्हणून?

वडील: त्याला विचारा.

मावशी: त्याला सांगा—

वडील: मी नाही सांगणार काही. तुम्ही विचारा.

मावशी: बोल रे. खरं आहे हे?

मुलगा: हो.

मावशी: माझ्याकडे बघून बोल.

मुलगा: हो मावशी. दर रविवारी शिकत होती. माझ्याकडूनच.

मावशी: रविवारी. म्हणजे फोनवर ती मला... मला म्हणायची, ताई, एक गंमत आहे, पण आत्ता नाही सांगणार. मी म्हटलं बांगड्या केल्यास का? हसायची नुसती. हीच होती का गंमत?

मुलगा: हीच असेल.

मावशी: आणि तो माणूस तिच्या हातून गेला.

मुलगा: हो.

मावशी: तू एवढे महिने माझं सगळं ऐकून घेतलंस. तोंडाला येईल ते बोलले मी तुला. उलटून एक शब्द नाही.

मुलगा: तुमचं माणूस गेलं होतं.

मावशी: तुझं नव्हतं गेलं? भाऊजी, थांबा. आधी मला सांगा, हे आपल्या तिघांशिवाय कोणाला माहितीये?

वडील: कोणाला नाही.

मावशी: मग राहू द्या ना. जे लिहिलंय ते लिहिलंय. ती गेली, तिला आता कशाला ओढायचं बाहेर? लोक काय वाट्टेल ते बोलतील. जन्मभर कोणाला उणा शब्द बोलली नाही ती, आणि आता तिचं नाव घेताना लोक म्हणणार... हा स्वतःहून जातोय ना? तो तयार आहे ना?

मुलगा: मी तेच सांगतोय यांना.

वडील: ताई, मघाशी त्याच्याकडे बघून विचारलंत. तसंच त्याच्याकडे बघून म्हणा, तू जा म्हणून. म्हणता येत असेल तर मी गप्प बसतो.

मावशी: मी म्हणेन. मला काय. मी...

वडील: म्हणा.

मावशी: किती वाळलायस रे तू. गळ्याची हाडं दिसतायत.

मुलगा: मावशी, रडू नका.

मावशी: नाही म्हणता येत, भाऊजी. तोंडच दिलंय तिने त्याला स्वतःचं, कसं म्हणू? मग मी आता रागवू तरी कोणावर?

वडील: माझ्यावर रागवा. मला सवय आहे तुमची.

मुलगा: आणि बाबा, सुटेन असं नाही. लायसन्स नसताना गाडी तिच्या हातात मीच दिली. पोलिसांना खोटं मीच सांगितलं. त्याचीही शिक्षा होईल.

वडील: होईल. मी कुठे नाही म्हणतो. पण जी होईल ती तुझी असेल. तिची तू भोगायची नाहीस.

मुलगा: आणि ती बाई? पहिल्या बाकावरची?

वडील: उद्या तिच्याजवळ मी जाऊन बसेन. काय झालं ते मी सांगेन तिला. मग बघू दे माझ्याकडे. माझ्या घरातून झालंय ते, मी कुठे जातोय पळून.

मुलगा: शिव्या देईल ती.

वडील: देऊ दे. लाव नंबर.

मुलगा: लावतो. झोपला नसेल अजून... वाजतोय. उचलत नाही.

वडील: परत लाव थोड्या वेळाने.

मावशी: तुम्ही दोघांनी काही खाल्लं नाही. मला काही सुचत नाहीये, पण ते एक कळतंय. दोघांचं गरम करते. टेबल राहू द्या तसंच, बाजूला सरकून बसा.

वडील: कशी चालवायची?

मुलगा: कोण?

वडील: ही. मी कधी बघितली नाही.

मुलगा: हळू. दोन्ही हातांनी घट्ट धरून, रागावल्यासारखं तोंड करून. हॉर्न वाजवायचीच नाही. म्हणायची लोक दचकतात. फारच वेळ आली तर आधी ‘सॉरी हं’ म्हणायची, मग वाजवायची.

मावशी: ‘सॉरी हं’ म्हणायची? काच खाली करून?

मुलगा: बंद काचेतच. स्वतःशी.

वडील: माझ्याबद्दल काही बोलायची का? गाडीत.

मुलगा: म्हणायची, लायसन्स आलं की तुम्हाला त्या मॉडेलच्या प्रदर्शनाला तीच घेऊन जाणार. तुमचे डबे तुमच्या मांडीवर द्यायचे आणि तुम्हाला मागच्या सीटवर बसवायचं.

वडील: मागे का?

मुलगा: म्हणायची, पुढे बसले तर शिकवत बसतील.